पाच दिवसांत दुसरा कोच: इंडियानापोलिस कोल्ट्सचं २०१८ चं प्रकरण

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८. जॉश मॅकडॅनियल्स आपले नवे हेड कोच असतील, असं इंडियानापोलिस कोल्ट्स या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघाने अधिकृतपणे जाहीर केलं. ओळख करून देणारी पत्रकार परिषद दुसऱ्या दिवशी ठरली होती. त्याच संध्याकाळी मॅकडॅनियल्स यांनी कोल्ट्सचे जनरल मॅनेजर ख्रिस बॅलार्ड यांना फोन केला आणि नकार कळवला. न्यू इंग्लंड पेट्रियट्समधली ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची, म्हणजे आक्रमण सांभाळणाऱ्या सहायक कोचची, नोकरीच ते पुढे चालू ठेवणार होते. रविवारी, ११ फेब्रुवारीला, कोल्ट्सने फ्रँक राइक यांची नेमणूक केली. जानेवारीत बॅलार्ड यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत राइक नव्हतेच.

हे प्रकरण सहसा शब्द मोडणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. शब्द मोडला हे खरंच. पण मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. त्या पाच-सहा आठवड्यांत कोल्ट्सला दोन अंदाज बांधायचे होते: संघ कोणाच्या हाती द्यायचा, आणि खांद्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेला आपला क्वार्टरबॅक अँड्र्यू लक पुन्हा चेंडू फेकू लागेल का. पहिल्या प्रश्नासाठी दर शनिवार-रविवारी टीव्हीवर नवा पुरावा येत होता आणि त्यातला बराचसा फसवा होता. दुसऱ्यासाठी पुरावा जवळजवळ नव्हताच. पुढच्या पाच वर्षांनी दाखवलं की संघाची दिशा ठरवली ती दुसऱ्या प्रश्नाने.

एनएफएल नेहमी न पाहणाऱ्यांसाठी थोडं आधी. लीगमध्ये ३२ संघ आहेत. तेव्हा साखळीत प्रत्येकाचे १६ सामने होत आणि १२ संघ प्लेऑफला जात. प्लेऑफमध्ये हरलात की हंगाम संपला. शेवटचा सामना सुपर बोल. भारतात तो सोमवारी पहाटे दिसतो. मैदानावर प्रत्येक डावपेचाला, म्हणजे 'प्ले'ला, सुरुवात होते ती चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येऊन. कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असतात. कोणता प्ले खेळायचा हे मात्र कोच त्याला हेल्मेटमधल्या स्पीकरवरून सांगतात. काही संघांत हे काम हेड कोच स्वतः करतात, काहींत त्यांचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जो हरतो तो आधी मोकळा होतो

कोल्ट्सने ३१ डिसेंबर २०१७ रोजी, साखळीतला शेवटचा सामना संपताच, चक पगानो यांना काढलं. हंगाम ४-१२ (४ विजय, १२ पराभव) असा गेला होता. त्या जानेवारीत एकूण सात संघांना नवा हेड कोच हवा होता. अडचण अशी की मागणी असलेले सहायक कोच बहुतेक वेळा प्लेऑफ खेळणाऱ्या संघांतच नोकरीला असतात. त्यांच्या मुलाखती लीगने ठरवून दिलेल्या दिवसांतच घेता येतात, आणि त्यांचा संघ स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत करारावर सही करता येत नाही. नियमामागचा हेतू रास्त आहे. सुपर बोलची तयारी करणाऱ्या माणसाचं मन दुसऱ्या शहरातल्या नोकरीत गुंतू नये, हे कोणालाही पटेल. (मुलाखतींचं वेळापत्रक त्यानंतर बदललं आहे, प्रत्यक्ष भेटीच्या मुलाखती आता आणखी उशिरा सुरू होतात.)

पण या नियमाने बाजार कसा हलतो ते पाहा. ६ जानेवारीला कॅन्सस सिटी चीफ्सचा संघ टेनेसी टायटन्सविरुद्ध मध्यंतराला २१-३ असा पुढे होता आणि २२-२१ असा हरला. चीफ्सचे प्ले त्या दिवशी मॅट नॅगी ठरवत होते. दोन दिवसांनी शिकागो बेअर्सने त्यांना हेड कोच केलं. २१ जानेवारीला मिनेसोटा व्हायकिंग्जचा फिलाडेल्फिया ईगल्सने ३८-७ असा धुव्वा उडवला. दुसऱ्याच दिवशी व्हायकिंग्जचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पॅट शर्मर न्यूयॉर्क जायंट्सचे हेड कोच झाले. या दोघांना हरल्याबद्दल नोकरी मिळाली असं अर्थातच नाही. त्यांच्या मुलाखती आधीच झाल्या होत्या, कामही चांगलं होतं. तरी ज्या सामन्यावर सगळ्यांची नजर होती, त्या सामन्याच्या निकालाचा निवडीशी काही संबंध उरला नव्हता.

उलटंही घडलं. टेनेसीने चीफ्सना हरवून प्लेऑफचा सामना जिंकला, पुढच्या फेरीत पेट्रियट्सकडून हरले, आणि त्यांचे हेड कोच माइक मुलार्की यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आले माइक व्रेबेल. त्यांचा संघ ह्यूस्टन टेक्सन्स ४-१२ असा कधीच बाहेर पडला होता, आणि त्या संघाचा बचाव व्रेबेल यांच्याच हाती होता. कागदावर पाहिलं तर सातांपैकी सगळ्यात कमजोर उमेदवार. दोन वर्षांत त्यांनी टायटन्सना कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत (सुपर बोलच्या आधीची फेरी) नेलं आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम कोचचा मान मिळवला. पेट्रियट्ससारख्या सुपर बोल खेळणाऱ्या संघातून डेट्रॉइट लायन्समध्ये गेलेले मॅट पॅट्रिशिया तिसरं वर्ष पुरं करू शकले नाहीत. एका वर्षाच्या नेमणुकांवरून नियम काढता येत नाही, पण प्लेऑफमधल्या यशाला लोक जेवढं वजन देतात तेवढं ते पेलत नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

मॅकडॅनियल्स यांच्याकडे काय होतं

मॅकडॅनियल्स यांनी आधी एकदा हेड कोचपद भूषवलं होतं. २००९ मध्ये डेन्व्हर ब्राँकोसने त्यांना घेतलं तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. पहिले सहा सामने जिंकले. मग घसरण झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना काढलं तेव्हा हिशेब ११ विजय आणि १७ पराभव असा होता. क्वार्टरबॅक जे कटलरशी त्यांचं पटलं नाही आणि त्याला शिकागोला पाठवण्यात आलं. नंतर ड्राफ्टच्या (कॉलेजमधले नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत त्यांनी क्वार्टरबॅक टिम टीबो घेतला. तेव्हापासून 'डावपेचात हुशार, माणसं सांभाळण्यात कच्चे' हा शिक्का त्यांच्यावर बसला.

न्यू इंग्लंडला परतल्यावर पुन्हा यश आलं, पण तिथे क्वार्टरबॅक होता टॉम ब्रेडी, सर्वकाळातल्या श्रेष्ठांत गणला जाणारा. ब्रेडीसोबत काम करणाऱ्या कोऑर्डिनेटरचं मूल्यमापन हा एनएफएलमधला कठीण प्रश्न. आक्रमणाने ४० गुण केले तर त्यात कोचचा वाटा किती? माझ्या दृष्टीने मॅकडॅनियल्स यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा प्लेऑफमधला नव्हताच. तो सप्टेंबर २०१६ मधला होता. ब्रेडी चार सामन्यांसाठी निलंबित होता, बदली आलेला जिमी गॅरोपोलो दुसऱ्या सामन्यात जखमी झाला, आणि जेकोबी ब्रिसेट या अगदी नवख्या क्वार्टरबॅकला चार दिवसांत ह्यूस्टनविरुद्ध उभं करावं लागलं. आक्रमण त्याला झेपेल असं साधं करून मॅकडॅनियल्स यांनी तो सामना २७-० जिंकून दिला. पुढच्या सामन्यात बफेलोने त्यांना एकही गुण करू दिला नाही, हेही इथेच सांगायला हवं. तो ब्रिसेट २०१७ मध्ये कोल्ट्सकडे आला होता आणि लकच्या गैरहजेरीत जवळजवळ पूर्ण हंगाम तोच खेळला होता.

म्हणजे बॅलार्ड यांची पसंती निराधार नव्हती. प्रश्न होता तो वेळेचा. पेट्रियट्स जिंकत गेले आणि कोल्ट्स थांबत गेले. ४ फेब्रुवारीला मिनियापोलिसमध्ये ५२ वा सुपर बोल झाला. मॅकडॅनियल्स यांच्या आक्रमणाने ६१३ यार्ड काढले, ब्रेडीने एकट्याने ५०५ यार्ड फेकले, आणि तरी फिलाडेल्फिया ४१-३३ ने जिंकलं. त्या सामन्यावरून मॅकडॅनियल्स चांगले की वाईट ठरवायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी तासभर भांडता येईल.

दरम्यान कोल्ट्सने त्यांच्या शब्दावर सहायक कोच नेमायला सुरुवात केली होती. डॅलसहून मॅट एबरफ्लूस डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून आले. ऑफेन्सिव्ह लाइनसाठी, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीसाठी, डेव्ह डिगुग्लिएल्मो, डिफेन्सिव्ह लाइनसाठी माइक फेअर. लग्नाची आमंत्रणं गेली, पाहुणे उतरले, आणि याद्यांवर सह्याच झाल्या नव्हत्या.

सुपर बोलनंतरच्या दोन दिवसांत पेट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट आणि हेड कोच बिल बेलिचिक मॅकडॅनियल्स यांच्याशी सविस्तर बोलले. संघात त्यांचं पुढचं स्थान काय असेल याची खात्री दिली, मोबदलाही वाढवला. मॅकडॅनियल्स यांनी नंतर सांगितलं की कुटुंबाला हलवायचं नव्हतं हेही एक कारण होतं. त्यांचे एजंट बॉब लामॉन्ट यांनी या प्रकारानंतर त्यांचं काम सोडलं. दिलेल्या शब्दावर चालणाऱ्या या धंद्यात ही साधी गोष्ट नाही.

मी मॅकडॅनियल्स यांची बाजू घेणार नाही. नोकरी नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ज्यांनी तुमच्या शब्दावर आपली घरं हलवायची तयारी केली त्यांना विचारात न घेता तो वापरणं चूक होतं. मात्र कोल्ट्सनेही सही होण्याआधी घोषणा केली. सुपर बोल संपला होता, सहीला नियमाची आडकाठी उरली नव्हती. एक दिवस थांबून कागद पुरे करून घोषणा करता आली असती. बॅलार्ड यांची खरी परीक्षा ७ फेब्रुवारीच्या पत्रकार परिषदेत झाली, जिथे नवा कोच बसायचा तिथे ते एकटे बसले. आलेल्या सहायकांचे करार पाळले जातील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पेट्रियट्सशी जुनं वैर पुन्हा सुरू झालं, या त्यांच्या वाक्याचीच बातमी झाली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो करार पाळण्याचा निर्णय, कारण त्यामुळे पुढच्या हेड कोचला आपल्या पसंतीचे नसलेले सहायक घेऊनच काम सुरू करावं लागणार होतं, आणि तरी बॅलार्ड यांनी तो घेतला.

राइक यांची निवड

आता उरलेल्या नावांतून शोध सुरू झाला. बफेलोचे लेस्ली फ्रेझियर, न्यू ऑर्लिन्सचे डॅन कॅम्पबेल आणि ईगल्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर फ्रँक राइक यांच्या मुलाखती झाल्या. राइक यांनी कधीकाळी याच कोल्ट्समध्ये सहायक म्हणून काही वर्षं काढली होती. खेळाडू म्हणून ते बफेलो बिल्समध्ये जिम केली यांच्यामागे बदली क्वार्टरबॅक होते. जानेवारी १९९३ च्या प्लेऑफ सामन्यात केली जखमी असताना ते उतरले, संघ ३-३५ असा मागे पडला, आणि तिथून त्यांनी सामना ४१-३८ असा जिंकून दिला. एनएफएलमध्ये भरून काढलेली ती सर्वांत मोठी पिछाडी होती आणि हा विक्रम जवळजवळ तीस वर्षं टिकला.

राइक यांच्याविषयीची शंका अशी होती: ईगल्सचे प्ले ते ठरवतच नव्हते. ते काम हेड कोच डग पीडरसन स्वतः करत. मग सुपर बोल जिंकल्याचं श्रेय राइक यांना किती द्यायचं?

इथे ईगल्सच्या त्या हंगामात थोडं आत शिरावं लागतं. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास (गुण मिळवून देणाऱ्या फेका) आणि फक्त ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेका) अशा कामगिरीवर होता. १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्याच्या जागी निक फोल्स आला. नाताळच्या रात्री ओकलंडविरुद्ध त्याच्या ३८ पैकी १९ फेका पोचल्या. साखळीतला शेवटचा सामना डॅलसने ६-० जिंकला. तिथे तर तो थोडाच वेळ खेळला. प्लेऑफमध्ये पहिला मानांकित संघ असूनही घरच्या मैदानावर ईगल्सना कमी लेखलं गेलं, ते याच माणसामुळे.

पीडरसन, राइक आणि क्वार्टरबॅक कोच जॉन डिफिलिपो यांनी फोल्सला वेंट्झसारखं खेळायला लावायचा हट्ट सोडला. २०१३ मध्ये ईगल्सचे तेव्हाचे हेड कोच चिप केली यांच्या हाताखाली फोल्सने २७ टचडाउन पास आणि २ इंटरसेप्शन असा हंगाम काढला होता. तेव्हा त्याला काय जमत होतं याकडे ते परत वळले. बचावपटू कुठे सरकतो हे पाहून चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की झटकन फेकायचा, असे 'आरपीओ' प्ले वाढवले. फोल्स लय पकडली की चालतो आणि थांबून विचार करायला लागला की अडखळतो, हे त्यांनी ओळखलं. अटलांटाविरुद्ध १५-१० असा कसाबसा विजय. मिनेसोटाविरुद्ध ३५२ यार्ड आणि ३ टचडाउन. सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड, ३ टचडाउन पास, एक टचडाउन स्वतः झेललेला, आणि सामनावीराचा किताब.

यातून दोन वेगवेगळे निष्कर्ष निघू शकत होते. एक असा की फोल्स हा थोर क्वार्टरबॅक आहे. जॅक्सनव्हिलने २०१९ मध्ये त्याला चार वर्षांसाठी ८.८ कोटी डॉलरचा करार दिला. पहिल्याच सामन्यात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, परत आल्यावर जागा टिकली नाही, आणि एका हंगामानंतर त्याला शिकागोला पाठवलं. दुसरा निष्कर्ष असा की ज्या कोचमंडळींनी महिनाभरात एका अडखळणाऱ्या माणसाभोवती आक्रमण नव्याने बांधलं, त्यांच्या हातात काहीतरी आहे. बॅलार्ड यांनी दुसऱ्या निष्कर्षावर पैज लावली. प्ले कोण ठरवतो हे रविवारी दिसतं, पण या प्रसंगात निर्णायक काम सोमवार ते शनिवार झालं होतं, आणि तिथे राइक होते. ही पैज मला आजही बिनचूक वाटते.

खांदा

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो अँड्र्यू लक. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला, पहिल्या तिन्ही हंगामांत संघाला प्लेऑफला नेणारा. २०१५ मध्ये उजवा खांदा दुखावला, जानेवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि २०१७ चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. ऑक्टोबरमध्ये सराव सुरू केला, दुखणं उफाळलं, बंद केला. मग उपचारासाठी युरोपात गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये राइक आले तेव्हा लक पुन्हा लांब फेकू शकेल असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

अशा वेळी १७ मार्चला बॅलार्ड यांनी मोठा सौदा केला. ड्राफ्टमधला तिसरा क्रमांक त्यांनी न्यूयॉर्क जेट्सना दिला आणि बदल्यात सहावा क्रमांक, त्याच वर्षीच्या दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी आणि पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅकची रांग होती. जेट्सनी तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नोल्ड घेतला. कोल्ट्सनी सहाव्यावर ऑफेन्सिव्ह लाइनमधला गार्ड क्वेंटन नेल्सन घेतला. सातव्यावर बफेलोने जॉश अ‍ॅलन घेतला.

या एका सौद्यात कोल्ट्सचं क्वार्टरबॅकविषयीचं पूर्ण मत आलं. पत्रकार परिषदेत कोण काय म्हणतं यापेक्षा ड्राफ्टचा क्रमांक कुठे खर्च होतो हे पाहावं. बॅलार्ड सांगत होते: लक परत येईल, आणि तो आल्यावर त्याला मार बसू नये हे आमचं काम आहे. २०१७ मध्ये कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकला ५६ वेळा सॅक केलं गेलं होतं, म्हणजे फेकण्याआधीच पाडलं होतं, लीगमध्ये सर्वाधिक. सदतिसाव्या क्रमांकावर त्यांनी आणखी एक लाइनमन घेतला, ब्रेडन स्मिथ. त्याच्या एकच जागा आधी बचावातला लाइनबॅकर शकील लिओनार्ड घेतला होता, जो तेव्हा डॅरियस या नावाने खेळत असे.

हंगामाची सुरुवात बिकट झाली. २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियात शेवटच्या प्लेवर मैदानभर लांब फेक हवी होती, तेव्हा राइक यांनी लकला बाहेर बोलावून ब्रिसेटला उतरवलं. सगळ्या देशाने त्यातून एकच अर्थ काढला: खांदा बरा झालेला नाही. पुढच्याच आठवड्यात ह्यूस्टनविरुद्ध जादा वेळेत, बरोबरीवर समाधान मानता येत असताना, राइक चौथ्या डाउनला (दहा यार्ड काढण्याच्या शेवटच्या प्रयत्नाला) आपल्याच अर्ध्यात जिंकायला गेले, चार यार्ड मिळाले नाहीत, आणि सामना ३७-३४ ने गेला. पुन्हा हीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन, असं त्यांनी सांगितलं. संघ १-५ पर्यंत घसरला, तरी त्यांचा सूर बदलला नाही.

मग दहापैकी नऊ सामने जिंकले. लकने ४,५९३ यार्ड आणि ३९ टचडाउन पास असा हंगाम काढला आणि सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला. सॅक ५६ वरून १८ वर आले, लीगमध्ये सर्वांत कमी. नेल्सन आणि लिओनार्ड दोघेही पहिल्याच वर्षी ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाले. लाइनचे कोच होते डिगुग्लिएल्मो आणि बचाव होता एबरफ्लूस यांच्याकडे. दोघेही मॅकडॅनियल्स यांच्यासाठी आलेले. ५ जानेवारी २०१९ ला कोल्ट्सनी ह्यूस्टनमध्ये प्लेऑफचा सामना २१-७ जिंकला आणि पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीत पॅट्रिक महोम्सच्या संघाकडून ३१-१३ हरले.

२४ ऑगस्ट २०१९ रोजी लक निवृत्त झाला. वय २९. या वेळी दुखणं पोटरी आणि घोट्याचं होतं. दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत या फेऱ्याने खेळातला आनंदच संपला, असं त्याने डबडबल्या डोळ्यांनी सांगितलं. बातमी सराव सामन्याच्या दरम्यान फुटली होती आणि घरच्या स्टेडियममधून बाहेर पडताना त्याच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. ते दृश्य मला अजूनही लाजिरवाणं वाटतं. त्या माणसाने त्या शहरासाठी किती मार खाल्ला होता!

तर मग बॅलार्ड यांचा अंदाज चुकला का? खांद्याबद्दल नाही, खांदा पूर्ण हंगाम टिकला. चुकला तो त्या खांद्याच्या माणसाबद्दल, आणि ते कोणत्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. तिसरा क्रमांक ठेवून क्वार्टरबॅक घ्यायला हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. पण मार्च २०१८ च्या माहितीवर लकसाठी भिंत बांधणं हाच शहाणपणाचा निर्णय होता. त्याची किंमत मात्र मोठी निघाली. ९ जानेवारी २०२१ ला, फिलिप रिव्हर्स क्वार्टरबॅक असताना, कोल्ट्स प्लेऑफमध्ये बफेलोकडून २७-२४ हरले. समोर जॉश अ‍ॅलन होता.

ओळखीचा माणूस

रिव्हर्स निवृत्त झाल्यावर राइक यांनी कार्सन वेंट्झचं नाव पुढे केलं. वेंट्झने २०२० मध्ये फिलाडेल्फियात १५ इंटरसेप्शन दिले होते, ५० वेळा सॅक झाला होता, आणि डिसेंबरमध्ये जेलन हर्ट्ससाठी त्याला बसवलं गेलं होतं. पण राइक यांच्या डोळ्यांसमोर २०१७ चा वेंट्झ होता. कोल्ट्सनी तिसऱ्या फेरीची एक निवड आणि पुढच्या वर्षीची एक निवड दिली. तो पुरेसे सामने खेळल्याने अटीप्रमाणे ती दुसरी निवड पहिल्या फेरीची झाली.

२०१८ मध्ये राइक यांना नोकरी मिळवून देणारा गुण नेमका हाच होता की समोरचा क्वार्टरबॅक आज काय करू शकतो ते पाहून ते आक्रमण बांधत. वेंट्झच्या बाबतीत त्यांनी चार वर्षांपूर्वीच्या माणसावर भरवसा ठेवला. आकडे वाईट नव्हते, २७ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन. पण हंगामाचे शेवटचे दोन सामने होते आणि त्यातला एक जिंकला तरी प्लेऑफ पक्कं होतं. पहिला रेडर्सविरुद्ध हरले. दुसरा, ९ जानेवारी २०२२ ला, जॅक्सनव्हिलविरुद्ध, ज्यांचे तोवर दोनच विजय झाले होते. कोल्ट्स २६-११ हरले. वेंट्झला एका हंगामातच वॉशिंग्टनला पाठवलं. त्याच्या जागी आलेला ३७ वर्षांचा मॅट रायन ऑक्टोबर २०२२ मध्ये बाकावर बसला, आणि न्यू इंग्लंडमध्ये पेट्रियट्सकडून २६-३ हरल्यावर, ७ नोव्हेंबरला राइक यांना काढलं. साखळीत ४० विजय, ३३ पराभव आणि एक बरोबरी. पाच हंगामांत पहिल्या दिवशी उभे राहिलेले पाच वेगळे क्वार्टरबॅक: लक, ब्रिसेट, रिव्हर्स, वेंट्झ, रायन.

राइक गेल्यानंतरचा पहिला सामना कोल्ट्सनी हंगामी कोच जेफ सॅटर्डे यांच्या हाताखाली लास व्हेगासमध्ये जिंकला. प्रतिस्पर्धी रेडर्सचे हेड कोच तेव्हा मॅकडॅनियल्स होते. तिथेही त्यांची दोन वर्षं पुरी झाली नाहीत.

पुढचा कोच निवडताना बॅलार्ड यांनी घाई केली नाही. महिनाभराहून अधिक शोध चालला, आणि १४ फेब्रुवारी २०२३ ला, ईगल्स सुपर बोल हरल्यानंतर दोन दिवसांनी, त्यांनी पुन्हा ईगल्सचेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर घेतले: शेन स्टायकेन. या वेळी प्ले ठरवणारा माणूस निवडला होता, आणि हर्ट्सच्या पायांना व हाताला साजेल असं आक्रमण त्याने उभं केलं होतं. सोबत ड्राफ्टच्या चौथ्या क्रमांकावर अँथनी रिचर्डसन हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. ऑक्टोबरमध्ये रिचर्डसनचा उजवा खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याचा पहिला हंगाम चार सामन्यांवर थांबला.